बेदाण्याच्या शेडमधली लढाई पडद्यावर आणताना: तक्रार, समिती आणि तारखा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतला एक हौशी नाट्यगट आपला पहिला चित्रपट लिहितो आहे. तासगावजवळ बेदाणा निवडण्याचं एक केंद्र, तिथं ठेकेदारामार्फत येणाऱ्या चाळीसेक बायका, त्यांना त्रास देणारा सुपरवायझर, आणि त्यातली एकजण तोंड उघडते. अमेरिकेतल्या खाणकामगार बायकांच्या खटल्यावरून गटाला हा विषय सुचला. म्हणून शेवट कोर्टात ठेवला आहे: वकिलाची झोंबणारी उलटतपासणी, आणि मग प्रेक्षकांच्या बाकांवरून एकेक बाई उभी राहते. हे आपल्याकडे पटेल का, आणि पटत नसेल तर काय बदलावं?

शेवटचं कोर्ट काढून टाका. तो शेवट ज्या खटल्यावरून सुचला, त्याची चौकट आपल्याकडे नाही. मिनेसोटातल्या एव्हलेथच्या लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या लोइस जेन्सन आणि तिच्या सहकारी बायकांनी १९८८ मध्ये कंपनीवर दावा लावला. १९९१ मध्ये न्यायालयानं तो सगळ्या बायकांच्या वतीनं सामूहिक दावा म्हणून चालवायला परवानगी दिली. लैंगिक छळाच्या प्रकरणात अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. कंपनीच्या वकिलांनी बायकांची खाजगी आयुष्यं, आजारपणं, जुने दवाखान्याचे कागद उकरले, आणि तडजोड व्हायला १९९८ चा डिसेंबर उजाडला. तिथं कंपनीला कोर्टात खेचतात आणि भरपाई कंपनीकडून घेतात.

कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा आपला २०१३ चा कायदा वेगळ्या वाटेनं जातो. इथं तक्रार एका माणसाविरुद्ध असते, ती कामाच्या ठिकाणच्याच समितीपुढे चालते, दार बंद असतं आणि वकिलाला आत येता येत नाही. सामूहिक दावा ही सोयच या कायद्यात नाही. प्रत्येकीची तक्रार तिची स्वतःची. तुमच्या चित्रपटाचं खरं नाट्य त्या बंद खोलीत आहे: एक टेबल, चार-पाच खुर्च्या, एक फाईल, आणि त्या खुर्च्यांवर कोण बसलंय हा प्रश्न. आग्रहानं सांगण्याचं कारण असं की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातल्या ज्या बायका हा चित्रपट बघतील, त्यांतल्या काहींना काय करायचं हे पडद्यावरूनच कळणार आहे. नायिका थेट कोर्टात गेली तर त्यांना वाटेल की वकील आणि पैसे असल्याशिवाय काही होत नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांची मुदत निघून जाईल.

आधी ठरवा: खलनायक नेमका कोण?

पटकथेतला पहिला फाटा इथं आहे. त्रास देणारा सुपरवायझर असेल आणि केंद्रात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर तक्रार केंद्राच्या अंतर्गत समितीकडे जाते. लोक अजूनही तिला 'विशाखा समिती' म्हणतात. संवादात तेच म्हणू द्या. पण त्रास देणारा खुद्द मालक असेल, किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे तुमच्या नायिकेला सांगलीत विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत यावं लागेल, किंवा तालुक्यात नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागेल. त्यानं ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. मालकाचा मुलगा हे पात्र घेतलंत तर जपून. तो कागदोपत्री कुणीच नसला तरी कारभार त्याच्या हातात असेल, तर कायदा त्यालाही मालकच धरतो आणि प्रकरण स्थानिक समितीकडे जातं.

इथंच तुमच्या कथेला एक अस्सल पेच मिळतो. अशा केंद्रांत मालकाच्या हजेरीपत्रकावर मोजकी माणसं असतात: हिशेबनीस, वॉचमन, मशीन चालवणारे, ड्रायव्हर. निवडणाऱ्या बायका ठेकेदाराच्या किंवा मुकादमाच्या वहीत असतात, काही ठिकाणी वहीतही नसतात. मालक म्हणेल, "माझ्याकडं नऊच कामगार, मला समिती लागत नाही." हे चूक आहे. कायद्याच्या व्याख्येत रोजंदारीवरच्या, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेल्या, अगदी मूळ मालकाला माहीत नसताना लावलेल्या बायकाही कर्मचारीच आहेत. चाळीस बायका रोज सकाळी पिकअपमधून उतरत असतील तर ती संख्या पन्नासच्या घरात गेली. 'नऊ' आणि 'पन्नास' या दोन आकड्यांवर तुमचा अख्खा पहिला भाग उभा राहू शकतो. पुरावाही साधा आहे: पिकअपच्या फेऱ्यांची वही, वजनाच्या चिठ्ठ्या, आठवड्याच्या पगाराच्या सह्या किंवा अंगठे. आणि ती पिकअप मालकानं किंवा त्याच्या ठेकेदारानं लावलेली असेल तर तीही कायद्यानं कामाचं ठिकाणच. सुपरवायझर पुढच्या सीटवर 'तू इथं बस' म्हणत असेल, तर तोही प्रसंग तक्रारीत येतो.

समिती नेमलीच नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट, आणि परवाना रद्द होण्याचीही तरतूद आहे. मालकाला ही दुसरी गोष्ट जास्त लागते, म्हणून त्याचा सल्लागार त्याला कानात काय सांगतो ते तिथून लिहा.

खोलीत कोण बसतं

अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच असावी लागते. कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, आणि बाहेरचा एक सदस्य, जो महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला असतो. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सुनावणीला अध्यक्षासह किमान तिघं हजर लागतात.

बेदाणा केंद्रात वरिष्ठ पदावर बाई आहे कोण? बहुतेकदा कुणीच नाही. असेल तर हिशेब बघणारी एखादी तरुण मुलगी, मालकाच्या ओळखीतून लागलेली. कायदा सांगतो की अशी बाई नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या शाखेतून किंवा दुसऱ्या आस्थापनेतून अध्यक्ष आणता येते. प्रत्यक्षात मालकाच्या घरातली बाई बसवली जाते, किंवा तक्रार आल्यावर मागची तारीख टाकून समिती बनवली जाते. दुसरी गोष्ट पकडायला सोपी आहे. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि तो भिंतीवर कधी दिसला हे चाळीस बायका सांगू शकतात. कोऱ्या भिंतीवर एका सकाळी अचानक चकचकीत फलक, आणि त्याच्या खाली खिळ्याची ताजी पांढरी भुकटी: हे एवढं दाखवलंत तरी संवादाची गरज नाही.

हिशेबनीस मुलीला अध्यक्ष करा, असं माझं मत आहे. ती मालकाची माणूस, बायकांपेक्षा वयानं लहान, कायदा हातात घेऊन पहिल्यांदाच वाचणारी. तिचं बदलत जाणं नायिकेच्या धैर्याइतकंच चित्रपटाला पुढे नेईल. बाहेरची सदस्य सांगलीहून बसनं येणारी, पन्नाशीची, तोंडानं कमी आणि कागदानं जास्त बोलणारी ठेवा. नियमांत तिचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. ती पैशांसाठी येत नाही हे सांगायला एका व्हाउचरवरची तिची सही पुरते.

इतिहास एखाद्या संवादात यावा, भाषणात नको. राजस्थानात भटेरी गावात सरकारी 'साथीन' (गावपातळीवरची महिला कार्यकर्ती) म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून गेलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठीची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून पुढचं प्रकरण उभं राहिलं आणि २०१२ मध्ये त्याचा निकाल लागला. कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. शेतात-गावात काम करणाऱ्या एका बाईच्या अंगावर झालेल्या अत्याचारातून हा कायदा निघाला, हे तुमच्या बाहेरच्या सदस्यानं नायिकेला दोन वाक्यांत सांगितलं तर तो ऑफिसातल्या बायकांपुरता नाही हे तिला कळेल.

तक्रार: इथं सगळ्यात जास्त चुकतं

आपल्याकडची बाई या विषयावर आडून बोलते. "त्याची नजर चांगली नाही", "तो लय पुढं पुढं करतोय", "माझ्याशी वाईट वागला". घरात, विहिरीवर, पिकअपमध्ये हे सगळ्यांना कळतं. पण तक्रारीत एवढंच लिहिलं तर समितीच्या हातात काहीच येत नाही आणि समोरचा "मी रागावलो होतो, त्याचा राग काढतीय" म्हणून सुटतो. तुमच्या मधल्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हा असू द्या: बाहेरची सदस्य किंवा हिशेबनीस मुलगी नायिकेकडून नेमके शब्द काढून घेते आहे, आणि नायिकेची जीभ जड होते आहे. बाईला स्वतः लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे, उपकार नाही.

अंतिम मजकूर साधारण असा व्हावा:

"१२ मार्च रोजी जेवणाच्या सुट्टीनंतर, अंदाजे पावणेदोन वाजता, मी तिसऱ्या टेबलावर माल निवडत होते. सुपरवायझर माझ्या मागे येऊन उभे राहिले. माल बघतो असं म्हणून त्यांनी उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला. मी बाजूला सरकले. ते म्हणाले, 'लाजतीस कशाला, उद्यापासून चांगला माल तुझ्याच टेबलावर टाकतो.' माझ्या डाव्या बाजूला दोघी होत्या. मशीन चालू असल्यामुळे त्यांना बोलणं ऐकू आलं नसेल, पण मी दचकून सरकले ते त्यांनी पाहिलं. १३ मार्चला माझ्या टेबलावर काड्यांचा आणि काळा पडलेला माल टाकला. संध्याकाळी माझी हाफ डे हजेरी लावली."

यातली ओळन् ओळ कामाची आहे. हात ठेवणं हा नको असलेला शारीरिक स्पर्श. 'चांगला माल टाकतो' हे कामात झुकतं माप देण्याचं आमिष, कायद्याच्या कलम ३ मधलं. दुसऱ्या दिवशीचा काड्यांचा माल आणि हाफ डे ही नकाराची शिक्षा, तीही त्याच कलमात. मजुरी किलोवर असेल तर काड्यांचा माल म्हणजे सरळ निम्मी कमाई. सुपरवायझरची सत्ता हजेरी, वजन आणि मालाची वाटणी या तीन गोष्टींत असते. ती सत्ता पहिल्या वीस मिनिटांत नीट दाखवलीत तर बायका इतके दिवस गप्प का होत्या हे वेगळं समजावायला लागणार नाही. साक्षीदारानं काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, दोन्ही लिहिलं आहे, म्हणून ती साक्ष खोटी वाटत नाही.

तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. मोबाईलवरचे संदेश असतील तर पुसायचे नाहीत. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे आणि फोन जपायचा. सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी मागणी करायची की अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवा. रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आणि मग मालकाला काहीच लपवावं लागत नाही.

एखादी बाई भीतीपोटी किंवा आजारपणामुळे स्वतः तक्रार देऊ शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीनं घटना माहीत असलेली दुसरी व्यक्ती, अगदी सहकारी बाईसुद्धा, तक्रार देऊ शकते. लेखी संमती मात्र हवीच.

हंगाम आणि मुदत

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. घटना वारंवार घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे समितीचं दार बंद.

हे बेदाण्याच्या हंगामावर बसवून बघा. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर द्राक्षं वाळतात, निवडीला जोर असतो. घटना १२ मार्चची. मुदत १२ जूनला संपते. तोवर हंगाम ओसरलेला, नायिकेला कामावरून कमी केलेलं, आणि ठेकेदार सांगतो, "तू आता कामावरच नाहीस, कसली तक्रार?" तेही खोटं आहे, तक्रार करणारी बाई आज तिथं नोकरीला असलीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. समजा ती ९ जूनला तक्रार देते. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत सुपरवायझरला जाते. त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस. चौकशीला ९० दिवस. तक्रार आल्या दिवसापासून मोजले तर ७ सप्टेंबर. अहवाल पुढच्या दहा दिवसांत, म्हणजे १७ सप्टेंबर. मालकानं कारवाई साठ दिवसांत करायची, म्हणजे १६ नोव्हेंबरच्या आत. पेरणी, आषाढी, गणपती, दिवाळी या सगळ्यांतून ही फाईल जाते. चित्रपटातलं कॅलेंडर एवढंच. बाकी ऋतू आपोआप दाखवतील.

दरम्यान ती कामावर असेल तर? तिच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देऊ शकते, आणि तिच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून घेऊ शकते. बेदाणा केंद्राच्या भाषेत याचा अर्थ: तिची हजेरी आणि तिचं वजन आजपासून दुसरा माणूस लिहील. हा प्रसंग जरूर घ्या. प्रत्यक्षात होतं उलटं. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून तिनं न मागता तिला लांबच्या कोल्ड स्टोरेजला पाठवतात, आणि तो जागेवरच राहतो.

चौकशीतला संवाद

समितीला साक्षीदार बोलावणं आणि कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी मिळते, पण वकील नाही. त्यामुळे तुमची उलटतपासणी जाते. तिच्या जागी येतो तो सुपरवायझरचा लेखी प्रश्नांचा कागद, जो अध्यक्ष वाचून दाखवते आणि त्यातले चारित्र्याचे प्रश्न खोडून टाकते. दोघांना समोरासमोर बसवण्याची गरज नाही, आणि चांगली समिती तसं करतही नाही. सलग तीन सुनावण्यांना विनाकारण गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निर्णय देता येतो, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. 'दोन तारखांना आला नाही, संपला विषय' असं दाखवलंत तर ते चुकेल.

त्याचा बचाव साधारण तीन वळणांनी जाईल. पहिलं: "मी हात लावलाच नाही, नुसता जवळ उभा होतो." सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं आहे की प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही एवढ्यावरून छळ झाला नाही असं ठरत नाही, तांत्रिक बारकावे किंवा शब्दकोशातला अर्थ न पाहता सगळ्या प्रकरणाची एकूण संभाव्यता पाहायची. दुसरं: "पुरावा कुठाय?" फौजदारी खटल्यातली संशयातीत सिद्धतेची पातळी इथं लागत नाही, कुणाचं म्हणणं अधिक शक्य वाटतं हे पाहायचं असतं. १३ मार्चची हाफ डे हजेरी इथं बोलते, कारण त्या दिवशीची तिच्या मालाची चिठ्ठी संध्याकाळी साडेपाचची आहे. तिसरं: "खोटी तक्रार केली म्हणून हिच्यावरच कारवाई करा." सिद्ध करता आलं नाही एवढ्यानं तक्रार खोटी ठरत नाही; दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. ही धमकी मात्र फार परिणाम करते. तिच्यामुळेच साक्षीदार मागे सरतात.

आणि आता तुमचा तो प्रसंग, एकेक बाई उभी राहते तो. तो ठेवा, पण खोलीच्या दाराबाहेर. साक्षीला नावं दोन होती, त्यातली एक आली नाही. तिच्या नवऱ्याला मालकाकडून उचल घ्यायची आहे. मग जुलैत, तिची स्वतःची मुदत संपायला एक दिवस असताना, तिसऱ्या टेबलावरची सगळ्यात गप्प बाई स्वतःची तक्रार घेऊन येते. तिच्यामागे आणखी एक. प्रत्येकीचा कागद वेगळा, प्रत्येकीची तारीख वेगळी, माणूस तोच आणि वाक्यही तेच: 'चांगला माल तुझ्याच टेबलावर टाकतो.' समितीला ते वाक्य तिसऱ्यांदा वाचायला लागतं तिथं तुमचा उत्कर्षबिंदू आहे.

तडजोडीचा प्रसंग येणारच, कारण आपल्याकडे गावातली चार माणसं मध्ये पडतातच. कायदा तडजोडीला वाव देतो, पण ती बाईनं स्वतः मागितली तरच, आणि पैशांच्या आधारावर तर नाहीच. चावडीवर बसून 'पन्नास हजार घे आणि मिटव' हे दाखवा, आणि त्याला कायद्यात जागा नाही हेही त्याच प्रसंगात कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या.

पोलीस, आणि कोर्ट हवंच असेल तर

समिती आणि पोलीस हे दोन्ही रस्ते एकाच वेळी खुले असतात. गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर ठाणे अंमलदाराच्या तोंडी भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ द्या; त्याआधीची असेल तर भारतीय दंड विधानाचं ३५४-अ. ही चूक पोलिसांच्या लगेच लक्षात येते. स्पर्श आणि शरीरसुखाची मागणी यासाठी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा. बळजबरीनं विनयभंग असेल तर कलम ७४, एक ते पाच वर्षं. फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नायिकेच्या हातात तो कागद दिसू द्या.

कोर्ट दाखवायचंच असेल तर ते तासगावच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं छोटं, गर्दीचं, पंखा फिरणारं कोर्ट असू द्या. वकिलानं तिचं चारित्र्य उकरायला सुरुवात केली तर न्यायाधीशांनी थांबवायला हवं. अशा गुन्ह्यांत संमतीच्या मुद्द्यावर बाईचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध हा पुरावा धरता येत नाही असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ४८ सांगतं.

समितीत दोष सिद्ध झाला तर लेखी माफीपासून पगारवाढ रोखणं, कामावरून काढणं, समुपदेशन, समाजसेवा इथपर्यंत शिफारस होते. शिवाय त्याच्या पगारातून तिला भरपाई देता येते. मानसिक त्रास, बुडालेली संधी, औषधपाणी आणि त्याची ऐपत यावरून रक्कम ठरते, हप्त्यांतही देता येते. निर्णयाविरुद्ध अपिलाला दोघांनाही ९० दिवस. म्हणून शेवटी 'त्याला काढला' एवढंच दाखवू नका. त्याच्या जागी हजेरीची वही कुणाच्या हातात गेली ते दाखवा.

तुमच्या सेटवर

एखाद्या खऱ्या प्रकरणावरून लिहीत असाल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ वाचा. तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार, त्यांची ओळख, चौकशी, शिफारस, यातलं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. नाव बदलून भागत नाही. तासगाव तालुक्यात अमुक साली अमुक केंद्र एवढ्यावरून गाव तिला ओळखतं. गाव, माल, पद, हंगाम यातलं निदान दोन-तीन बदला आणि 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी लावू नका. समितीतल्या कुणाकडून फाईल बघायला मागू नका. दाखवणाऱ्याला दंड होतो.

कमरेवर हात ठेवण्याचा शॉट त्याच्या डोळ्यांनी घेऊ नका. कॅमेरा तिच्या बोटांवर ठेवा: दाणे झरझर वेगळे करणारी बोटं थांबतात, एक काडी चिमटीत तशीच राहते. मागं मशीनचा आवाज. तालीम नाटकासारखी पावलं मोजून करा: कितव्या मोजणीला हात, कुठं, किती वेळ, कितव्याला ती सरकते. अभिनेत्रीनं आधी लेखी मान्य केलं तेवढंच, जागेवर एक इंचही जास्त नाही. थांबण्यासाठी एक शब्द ठरवा आणि तो कुणीही उच्चारला की काम थांबेल. त्या वेळी सेटवर गरजेपुरतीच माणसं, मोबाईल बाहेर, मॉनिटर झाकलेला. माल निवडणाऱ्या खऱ्या बायकांना गर्दीत बसवणार असाल तर त्या दिवशी काय चित्रित होणार हे आदल्या दिवशी सांगा, नको म्हणणारीची हजेरी कापू नका. त्यातल्या काहीजणी हे सोसलेल्या असू शकतात.

आणि तुमच्या युनिटमध्ये दहा माणसं झाली की निर्माता हाही मालकच, समिती त्यालाही लागू. मल्याळम चित्रपटसृष्टीत न्या. हेमा समिती २०१७ मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांपुढे आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, केरळ उच्च न्यायालयानं चित्रपटाच्या निर्मितीसंस्थांना अंतर्गत समिती बंधनकारक असल्याचा निकाल दिला. शूटिंग वीस दिवसांचं असलं तरी समिती पहिल्या दिवशी हवी, बाहेरच्या सदस्यासह. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीत, मोठ्या अक्षरांत, पहिल्या कॉलशीटच्या (युनिटला वाटायच्या त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकाच्या) वरच्या भागात छापा, आणि तोच कागद मेकअपच्या खोलीत आणि जेवणाच्या मांडवात चिकटवा.